राज्याच्या उंबरठ्यावर थांबलेला रचनावाद



मागच्या व्याख्यानात आपण केनेथ वॉल्ट्झ यांचं १९७९ सालचं पुस्तक पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात आठवू या. राज्यांच्या डोक्यावर दुसरं कोणतंही राज्य नाही. या स्थितीला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या शास्त्रात 'अराजक' म्हणतात. अराजक म्हणजे इथं दंगल किंवा गोंधळ नव्हे. राजांच्या वर राजा नाही, एवढाच अर्थ. अशा स्थितीत ज्याने त्याने आपापलं रक्षण करायचं. मग राज्यकर्ते कोणत्या विचारांचे आहेत याला फार महत्त्व उरत नाही. बळाची वाटणी कशी आहे हे पाहिलं की पुरे. आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात, त्याच जातीचा हा विचार आहे.

याला जे सर्वांत गाजलेलं उत्तर मिळालं, ते आज तपासायचं आहे. त्याचं नाव रचनावाद. हे नाव या शास्त्रात आणलं निकोलस ओनफ यांनी, १९८९ मध्ये. पण ते सर्वतोमुखी झालं अलेक्झांडर वेंट यांच्यामुळे. १९९२ च्या एका लेखात त्यांनी सांगितलं की अराजकाचा एकच एक ठरलेला अर्थ नसतो. राज्यं त्याचं जे करतात, तेच ते होतं. पुढे १९९९ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला, 'सोशल थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स'. वॉल्ट्झ यांच्या ग्रंथाचं नाव होतं 'थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स'. मागे 'सोशल' हा एक शब्द लावला, आणि सगळा वाद त्या एका शब्दात आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. वेंट यांचा प्रश्न बरोबर आहे. त्यांनी घातलेला पायाही बराचसा पक्का आहे. पण जी कसोटी ते राज्या-राज्यांमधल्या नात्याला लावतात, ती खुद्द राज्याला लावत नाहीत. उंबरठ्याशी येऊन ते थांबतात. आणि त्यामुळे जे सुटतं, ते किरकोळ नाही.

आधी पाया पाहू. नियम दोन प्रकारचे असतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवा, हा एक नियम. हा नियम नसता तरी वाहनं असतीच, रस्ताही असता. फक्त अपघात जास्त झाले असते. याला नियामक नियम म्हणू. आता बुद्धिबळातला नियम घ्या: उंट तिरका जातो. हा नियम काढून टाकला तर उंट 'बेशिस्त' चालणार नाही. उंटच उरणार नाही. लाकडाचा तुकडा उरेल. असे नियम एखादी गोष्ट नुसती आवरत नाहीत, तर ती घडवतात. जॉन सर्ल यांनी याच आधारावर निसर्गातली तथ्यं आणि संस्थात्मक तथ्यं असा भेद केला. डोंगर आहे, हे पहिल्या जातीचं तथ्य. हा कागद शंभर रुपयांची नोट आहे, हे दुसऱ्या जातीचं.

वर्गात हे शिकवताना एक शंका हमखास यायची: "सर, म्हणजे नोट खोटी?" नाही हो. नोट अगदी खरी आहे. खिशात नसली की कळतं. 'रचलेलं' म्हणजे 'काल्पनिक' नव्हे, आणि 'रचलेलं' म्हणजे 'सहज मोडता येणारं' तर मुळीच नव्हे. रचनावादावर होणारी निम्मी टीका या एका गैरसमजातून येते.

आता हे आंतरराष्ट्रीय राजकारणाला लावून पाहू. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जमीन हादरली, हे पहिल्या जातीचं तथ्य. पण अण्वस्त्रप्रसारबंदी करारात 'अण्वस्त्रधारी राज्य' याची व्याख्या दिलेली आहे: १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने अण्वस्त्र तयार करून त्याचा स्फोट केला, ते राज्य. त्यामुळे त्या कराराच्या भाषेत भारत अण्वस्त्रधारी राज्य ठरत नाही. जून १९९८ मध्ये सुरक्षा परिषदेने १,१७२ क्रमांकाच्या ठरावात हेच बजावलं. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, अणुपुरवठादार गटाने भारतापुरती सवलत दिली. भारताने अस्त्रं टाकून दिली म्हणून ती मिळाली का? नाही. बदललं ते त्यांचं इतरांच्या लेखी असलेलं स्थान. वॉल्ट्झ यांच्या तराजूत अस्त्रांचं वजन होतं. हे स्थान कसं बदलतं ते मोजायला तराजूच नाही. वेंट यांचं एक प्रसिद्ध उदाहरण याच धाटणीचं आहे: ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या पाच अस्त्रांचा धसका अमेरिकेला जास्त वाटतो. हत्यार तेच, नातं वेगळं.

इथपर्यंत आम्ही वेंट यांच्या बाजूने आहोत. अडचण पुढे आहे.

वेंट म्हणतात, राज्यं व्यवस्थेला घडवतात आणि व्यवस्था राज्यांना घडवते. आपल्या न्यायशास्त्रात वाढलेला कोणीही इथं भुवया उंचावेल. 'अ' सिद्ध करायला 'ब' लागतो आणि 'ब' सिद्ध करायला 'अ' लागतो, हा तर अन्योन्याश्रय. तो दोष मानतात. पण त्यावर आपल्याच परंपरेत एक उत्तर आहे: बीजांकुरन्याय. बीजातून अंकुर, अंकुरातून झाड, झाडातून पुन्हा बीज. इथं परस्परावलंबन आहे, पण दोष नाही. कारण ज्या बीजातून हे झाड आलं, ते याच झाडाचं बीज नव्हे, मागच्या झाडाचं आहे. वर्तुळ मोडतं ते काळामुळे. म्हणजे वेंट यांच्या विधानाचा बचाव होऊ शकतो, पण त्याला एक अट आहे: इतिहास हवा.

आणि नेमका इतिहासच ते सुरुवातीला बाजूला ठेवतात. त्यांची प्रसिद्ध गोष्ट पहिल्या भेटीची आहे. 'स्व' आणि 'पर' असे दोन कर्ते प्रथमच समोरासमोर येतात. एकजण काही हावभाव करतो, दुसरा त्याचा अर्थ लावतो, प्रत्युत्तर देतो, आणि हळूहळू त्यांच्यात शत्रुत्व, स्पर्धा किंवा मैत्री रुजते. परग्रहावरून कोणी आलं तर आपण लगेच हल्ला गृहीत धरू का, असंही ते विचारतात. गोष्ट छान आहे. पण ज्या दोघांची ही पहिली भेट आहे, ते भेटीआधीच तयार कसे? याला स्वत्व आहे, हेतू आहेत, भीती आहे; हे सगळं कुठून आलं? वेंट यांचं उत्तर असं की राज्याला एक मूळ ओळख असते आणि ती परस्परव्यवहाराच्या आधीची असते. तिच्यासोबत चार हितं येतात: टिकून राहणं, स्वायत्तता, आर्थिक सुस्थिती आणि सामूहिक स्वाभिमान. राज्य हीसुद्धा एक व्यक्तीच आहे, असं ते अलंकार म्हणून नव्हे, अक्षरशः म्हणतात.

मग आम्ही विचारतो: नोट रचलेली, मैत्री रचलेली, अराजकाचा अर्थ रचलेला; तेवढं राज्यच बिनरचलेलं कसं?

वेंट यांच्यावर अन्याय नको. त्यांचा बचाव असा: आपण व्यवस्थेचा सिद्धांत मांडतो आहोत, राज्याच्या जन्माचा नाही, सगळे प्रश्न एकदम सोडवता येत नाहीत. हे मान्य. भौतिकशास्त्रज्ञही घर्षण बाजूला ठेवतो. पण बाजूला ठेवलेली गोष्ट आपल्या निष्कर्षाला धक्का देणारी नसावी, एवढी अट तिथंही असते. इथं ती पाळली जाते का?

दोन ठिकाणी तपासू. पहिलं ठिकाण पुस्तकी आहे. वेंट अराजकाच्या तीन संस्कृती सांगतात आणि त्यांना हॉब्ज, लॉक आणि कांट यांची नावं देतात: शत्रूंची, प्रतिस्पर्ध्यांची आणि मित्रांची. आता कांटचा १७९५ चा शाश्वत शांततेवरचा निबंध उघडा. कायमच्या शांततेसाठी तो जी निश्चित कलमं देतो, त्यातलं पहिलंच कलम प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक असावी, असं आहे. कारण साधं आहे: युद्धाचा भार ज्यांच्या पाठीवर पडणार, त्यांची संमती लागली तर ते दहा वेळा विचार करतील. म्हणजे कांट उंबरठा ओलांडून आधी घरात शिरतो आणि मग गल्लीतल्या शांततेबद्दल बोलतो. वेंट यांच्या 'कांटीय' संस्कृतीत ही अट नाही. नाव कांटचं राहिलं, पहिलं कलम गळालं. हॉब्जचंही तसंच. 'लेव्हायथन'च्या तेराव्या प्रकरणात तो म्हणतो की राजे एकमेकांवर शस्त्र रोखून उभे असतात खरे, पण त्यामुळे ते आपल्या प्रजेचे उद्योगधंदे राखतात. म्हणून सुट्या माणसांची जी दैना होते, ती इथं होत नाही. राज्य आणि माणूस सारखे नाहीत, हे हॉब्जला ठाऊक होतं.

दुसरं ठिकाण इतिहासातलं आहे, आणि ते वेंट यांच्या आवडीचं आहे: शीतयुद्धाचा शेवट. मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव सत्तेवर आले. डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गोर्बाचेव यांनी पाच लाख सैन्य एकतर्फी कमी करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी मे अखेरीस मॉस्कोत रेगन यांना पत्रकारांनी विचारलं की सोव्हिएत संघाला तुम्ही अजून दुष्ट साम्राज्य मानता का. ते म्हणाले, नाही, ती गोष्ट वेगळ्या काळातली होती. हजारो अण्वस्त्रं तेव्हाही सज्ज होती. वास्तववादी म्हणतील, सोव्हिएत अर्थव्यवस्था थकली होती. थकली होती, खरंच. पण थकवा 'काहीतरी करा' एवढंच सांगतो; काय करा, ते सांगत नाही. थकलेला माणूस हात पुढे करतो, तसा अखेरचा तडाखाही देतो.

मग हात पुढे करायचं कुठून सुचलं? 'परस्परांच्या विरुद्ध नव्हे, परस्परांच्या सोबतच सुरक्षा' ही कल्पना ओलॉफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८२ च्या अहवालात मांडली होती. त्या आयोगात पश्चिम जर्मनीचे एगॉन बार होते, तसे मॉस्कोच्या अमेरिका-कॅनडा अभ्यास संस्थेचे संचालक गेओर्गी अर्बातोव्हही होते. शास्त्रज्ञ पगवॉशच्या परिषदांत भेटत होते. म्हणजे 'स्व' आणि 'पर' यांच्या भेटीआधी, 'स्व'च्या घरातच वाद चालला होता, आणि घरातली काही माणसं परक्या घरातल्या माणसांशी बोलून आली होती. १९९२ च्या लेखात वेंट यांनी सोव्हिएत संघातल्या आतल्या बदलाची दखल घेतली होती, हे नमूद केलं पाहिजे. पण सिद्धांत पक्का करताना राज्य ही एक व्यक्ती ठरली, आणि व्यक्तीच्या पोटात दुसऱ्या व्यक्ती भांडत असतात हे दाखवायला जागा उरली नाही.

कोणी म्हणेल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना यात एवढं काय लागून राहिलं? सांगतो. रोज सकाळी आपण वर्तमानपत्र उघडतो आणि वाचतो: चीनला अमुक वाटतं, अमेरिकेला तमुक खपत नाही. वाक्य सोयीचं आहे, आम्हीही वापरतो. पण त्या वाक्यात माणसं नाहीशी होतात. कोणाला वाटतं? कोणाच्या वतीने? कोणाचा आवाज दाबून? रचनावादाचं खरं देणं असं की जे अटळ म्हणून सांगितलं जातं, ते कोणीतरी घडवलेलं असतं. आणि घडवलेलं असलं की त्याची जबाबदारी कोणावर तरी पडते. शत्रुत्व घडवलेलं आहे असं म्हणायचं, आणि घडवणारा म्हणून नकाशावरच्या एका रंगाकडे बोट दाखवायचं, तर जबाबदारी पुन्हा हवेत विरते. वॉल्ट्झ म्हणाले असते, रचनेने करायला लावलं. वेंट म्हणतील, राज्याने केलं. दोन्हीकडे माणूस सुटलाच.

म्हणून वेंट टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. वॉल्ट्झ वाचून झाल्यावर वेंट वाचलेच पाहिजेत. फक्त ते जिथं थांबतात, तिथं आपण थांबू नये. बीजांकुरन्याय अर्धाच लावायचा नसतो. झाडाला लावला, तर बीजालाही लावला पाहिजे.

पुढच्या व्याख्यानात आपण कांटचा तो निबंधच घेऊ. छोटा आहे, जमलं तर वाचून या. पहिल्या कलमावर थोडा वेळ थांबा, एवढीच विनंती.