‘रन’चे ६४५ अर्थ मोजले कोणी?

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द कोणता? दर थोड्या दिवसांनी एखादी रील उत्तर घेऊन येते: ‘रन’. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. आकडा खरा आहे. पण त्याखाली ‘बघा केवढी श्रीमंत भाषा, नाहीतर आपली’ अशा ज्या कमेंट्स येतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

आधी शब्दाचं श्रेय शब्दाला देऊ. इंग्रजीत माणूस ‘रन’ होतो, तशी नदी होते, नाक होतं, धुण्यात कपड्याचा रंगही होतो. ठेवीदार घाबरून पैसे काढायला धावले की बँकेवर ‘रन’ येतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ करतो, आपल्यासारखाच उभा राहतो. आपल्याकडे यंत्र चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं. इंग्रजीत ही सगळी धावतात. आणि माझ्या पोटापाण्याचा प्रोग्रामही.

आता आकड्याकडे या. या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढे सगळा कोश नव्याने तपासायला घेतला आणि संपादकांनी सुरुवात ‘ए’पासून न करता ‘एम’पासून केली. मग २००० मध्ये ‘मेक’ने विक्रम मोडला, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने. अक्षरं बघा: एम, पी, आर. मुकुट एका शब्दावरून दुसऱ्यावर गेला तो संपादकांचं टेबल पुढे सरकत होतं म्हणून. ‘सेट’ तेव्हा रांगेत मागे, जुन्याच नोंदीसह उभा होता. एकट्या ‘रन’वर पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले.

म्हणजे ६४५ हे मोजमाप शब्दाचं जितकं, तितकंच त्याच्यावर खर्च झालेल्या कष्टांचंही आहे. मोजणारा बदला, आकडा बदलतो. प्रिन्स्टन विद्यापीठाचं वर्डनेट आम्ही इंजिनिअर लोक सर्रास वापरतो. त्यात ‘रन’चे क्रियापद म्हणून ४१ आणि नाम म्हणून १६ अर्थ आहेत. शब्द तोच! नदीचं वाहणं आणि नाकाचं वाहणं हा एक अर्थ की दोन, याचं उत्तर शब्दात लिहिलेलं नसतं, कोशकार ते ठरवतो. अ‍ॅडम किलगॅरिफ या भाषाशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ‘शब्दार्थांवर माझा विश्वास नाही’ अशा आशयाचं शीर्षक देऊन निबंधच लिहिला होता. सुटे, मोजता येतील असे अर्थ नसतात, वापर असतात आणि आपण कामापुरते त्यांचे गठ्ठे बांधतो, असा त्याचा रोख. पुढे संगणकही त्याच वाटेने गेला. २०१३ च्या वर्डटूव्हेकमध्ये प्रत्येक शब्दाला एकच जागा होती. २०१८ च्या बर्टमध्ये आजूबाजूच्या शब्दांनुसार ती बदलू लागली.

एका अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीत मी ‘रन’च्या बटणावर ‘धावा’ लिहिलेलं पाहिलंय. संदर्भ न बघता शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की असं होतं. ‘चालवा’ म्हटलं असतं तर काम झालं असतं.

आता आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, डोळा लागतो. नोकरी लागते, मग लग्न लागतं. निकाल लागतो, क्वचित वाटही लागते. चहा गोड लागतो. थेटरात पिक्चर लागतो. मूल रडायला लागतं. ‘ही तुझी कोण लागते?’ असं विचारलं की त्याच क्रियापदातून नातं निघतं. यांतले किती अर्थ वेगळे मानायचे? मला माहीत असलेल्या कुठल्याच रीलमध्ये हा प्रश्न नाही, कारण मिरवायला आकडा नाही.

कोश आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. मोल्सवर्थचा झाला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, १९५० मध्ये पुरवणीही आली. अफाट काम. पण व्हिडिओ कॉल ‘लागत नाही’, वाय-फाय ‘लागत नाही’ हे त्यात कुठून येणार? ऑक्सफर्डचं खरं वैभव म्हणजे १९२८ मध्ये पूर्ण झालेला कोश त्यांनी पुन्हा उघडला आणि एकेका शब्दाला महिनोन् महिने देणाऱ्या माणसांना त्याचा पगार दिला.

माझ्या धंद्यात याला थेट किंमत आहे. मराठी समजणारं सॉफ्टवेअर आमच्या नोंदींवर आणि मजकुरावरच शिकणार, आणि जे कुणी लिहिलंच नाही ते त्याला येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी ६४५ चा आकडा समोर आला तर कमेंटमध्ये हळहळ नको. त्याऐवजी घरात दिवसभरात ऐकू येणारे ‘लागणे’चे सगळे वापर, कोण बोललं आणि कधी यासकट, फोनमध्ये लिहून ठेवा. ऑक्सफर्डचा कोशही वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला होता.