वीतभर अंतर

गोष्ट कुठे रेंगाळू द्यायची आणि कुठे झपकन पुढे न्यायची, हे कीर्तनकाराच्या पोराला शिकवावे लागत नाही. चिंचवडच्या हरी विनायक चापेकरांचा थोरला मुलगा दामोदर वडिलांच्या कीर्तनात साथ करतच वाढला. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनासाठी पकडला गेल्यावर त्याने कैदेत आपली हकीकत लिहून काढली. पुढे वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. हुतात्म्याचे आत्मवृत्त म्हणून लोक तिला नमस्कार करतात आणि बाजूला ठेवतात. ती गद्य म्हणून वाचावी, असे मला बरेच दिवस वाटत होते.

वाचायला घेतली की पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. उद्या फाशी जायचे आहे, तेव्हा सूर थोडा मवाळ करावा, असे या माणसाच्या मनातही येत नाही. घराण्याची उतरती कळा, एकत्र कुटुंबाची झालेली फाटाफूट, वडिलांनी पत्करलेला कीर्तनाचा पेशा आणि त्यावरून नातलगांनी मुरडलेली नाके, हे सगळे तो सांगतो, पण कुठेही गळा काढत नाही. दारिद्र्याचे वर्णन करताना मराठी लेखणी हमखास ओलावते. इथे ती कोरडी ठणठणीत आहे. त्या कोरडेपणानेच ही पाने वाचनीय झाली आहेत.

मग येते पलटणीत शिरण्याची हौस. माझ्या मते या आत्मवृत्ताचा गाभा इथे आहे, रँडवर गोळी झाडली त्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर नव्हे. या मुलाला शिपाई व्हायचे होते, तेही इंग्रजांच्याच फौजेत. खटपटी केल्या, नकार मिळाला. तो अपमान त्याने कधी विसरू दिला नाही, स्वतःला नाही आणि वाचकालाही नाही. ज्यांनी हातात बंदूक दिली नाही त्यांच्यावरच पुढे ती रोखली गेली, ही संगती लेखक स्वतः उलगडून सांगत नाही. कीर्तनकाराने पूर्वरंगात एखादा धागा सोडून द्यावा आणि आख्यानात श्रोत्यानेच तो उचलावा, तसे होते.

मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याचा प्रसंग मात्र अगदी खुलवून सांगितलेला. १८९६ साली पांढऱ्याशुभ्र संगमरवरी व्हिक्टोरियाला डांबर फासले, गळ्यात जोड्यांची माळ घातली. इथे दामोदर रंगात येतो आणि त्याच्यातला वात्रट पोरगा दिसतो. (ते डांबर अखेर त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने काढले आणि त्यांचा मोठा बोलबाला झाला. पुतळा खराब करणारा आणि साफ करणारा, दोघांचीही नावे एकाच डागाने राहिली.)

पण याच खुशीत तो सुधारकांना केलेल्या मारहाणीही सांगतो, आणि इथे वाचकाची पंचाईत होते. धर्माविरुद्ध बोलणारा आपला माणूस आणि राज्य करणारा परका साहेब, यांत दामोदर फारसा फरक करत नाही. टिळकांनाही तो पुरते सनातनी मानायला तयार नाही. शाळेच्या पुस्तकातल्या चापेकरांमध्ये हा माणूस नाही. ही पाने नकोशी वाटतात म्हणून गाळली तर उरलेल्या पानांतला जोरही जाईल. राग एकाच जातीचा आहे. त्यातला आपल्याला सोयीचा तेवढा निवडून घेता येत नाही.

प्लेगात गोरे सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, तेव्हा या रागाला रँड हे नाव मिळाले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षे, गव्हर्नरांच्या बंगल्यावर समारंभ, आणि तिथून परतणाऱ्या रँडवर गोळी. त्या बंगल्यात आज पुणे विद्यापीठ आहे. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक तर सिनेमा-नाटकांनी घरोघर नेली.

मला थांबावेसे वाटते ते ८ ऑक्टोबर १८९७ च्या जबानीतल्या दोन तपशिलांपाशी. एक, बरोबर आणलेल्या तलवारी पळताना अडचण करतील म्हणून दामोदर आणि त्याचा धाकटा भाऊ बाळकृष्ण यांनी त्या रस्त्याकडेच्या मोरीखाली ठेवून दिल्या. शिवाजीमहाराजांवर श्लोक रचणाऱ्याने ऐन वेळी तलवार मोरीत सारावी! वीररसाला इथे व्यवहाराने गाठले आहे, आणि सांगणाऱ्याला त्याची लाज नाही. दुसरा, धावत्या गाडीमागचा पडदा सोडवून, वर उचलून त्याने वीतभर अंतरावरून गोळी झाडली. वीत हे माप हाताचे. साक्षीदार ‘जवळून’ म्हणाला असता, वकील ‘समीप’ म्हणाला असता. हात ज्याचा होता त्यानेच वीत म्हटले. बाळकृष्णाने मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली, ती आतली माणसे कुजबुजताहेत या संशयावरून. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला.

दोष आहेत. विचार मांडायला लागला की दामोदर व्यासपीठावर चढतो, तेच तेच बोलतो, आणि तिथे मी पाने उलटली हे कबूल करतो. हकीकत सांगताना मात्र तो एकही शब्द वाया घालवत नाही. त्या काळच्या मराठी आत्मचरित्रांत इतका निलाजरा खरेपणा मला दुसरीकडे भेटलेला नाही.

१८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात दामोदर फाशी गेला, हातात गीता होती. बाळकृष्ण तेव्हा फरार होता. ८ फेब्रुवारी १८९९ ला सगळ्यांत धाकटा भाऊ वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव रानडे यांनी खबर देणाऱ्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण याच तुरुंगात फासावर चढले. थोरल्या भावाच्या हकीकतीत यातले काहीच नाही.