केडगावच्या मुलींची अन्य भाषा

ख्रिस्ती प्रार्थनासभेत एखादी बाई डोळे मिटून, कोणालाच न कळणारे शब्द मोठ्याने बोलू लागते. मंडळी त्याला ‘अन्य भाषेत बोलणे’ म्हणते आणि पवित्र आत्म्याचे दान मानते. आपल्या चळवळीतले कार्यकर्ते त्याला ‘अंगात येणे’ म्हणतात आणि विषय संपवतात. रहिमतपूरच्या आसपास शिक्षकी करताना ही दोन्ही मते मी पुष्कळदा ऐकली आहेत. आमच्यापासून तासाभरावरचे सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामाचे गाव. संशय घेण्याची सवय इथल्या तरुणांना त्या कामातून लागली आणि २०१३ साली त्यांचा खून झाल्यावर ती अधिक पक्की झाली. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण संशय घेणे म्हणजे तपासणे. बोलणारी बाई कोण, ती कुठून आली आणि बोलल्यावर तिचे काय झाले, हे दोन्ही पक्ष विचारत नाहीत. मला ते विचारायचे आहे.

आधी ग्रंथ पाहू. नव्या करारात या प्रकाराची दोन चित्रे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात येशूचे शिष्य बोलू लागतात आणि देशोदेशींहून यरुशलेमेत आलेल्या माणसांना ते आपापल्या जन्मभाषेत ऐकू येते. बोलणारे गालीलकर, म्हणजे राजधानीच्या दृष्टीने खेडवळ. ऐकणाऱ्यांना नवल वाटते ते याचेच. इथे अन्य भाषा म्हणजे समजणारी भाषा.

करिंथच्या मंडळीत मात्र उलटे घडत होते. बोलणारा बोलतो आणि शेजारच्याला एक अक्षर कळत नाही. पौलाच्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय या भांडणावर आहे. पौल बंदी घालत नाही. आपण स्वतःही असे बोलतो, असे तो सांगतो. पण सभेत बोलायचे तर अर्थ सांगणारा हवा, नाही तर गप्प राहावे, अशी त्याची अट आहे. ही अट मला मोलाची वाटते. मात्र त्याच अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, अशीही आज्ञा आहे. अर्थाचा आग्रह आणि बाईच्या तोंडाला कुलूप ही दोन्ही एकाच पानावर आहेत. धर्मग्रंथ वाचताना आपण हे नजरेआड करता कामा नये.

आता आपल्या मुलखातले उदाहरण घेऊ. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी उपासमार झालेल्या मुली आणि विधवा तिथे आणल्या. शतक उलटताना तिथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी आल्यावर १९०५ च्या जानेवारीत सुमारे सत्तर जणींनी रोज एकत्र प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनअखेर रडणे, पापे कबूल करणे, सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे असा लोंढा सुरू झाला. पुढच्या दोन वर्षांत अन्य भाषेत बोलण्याचे प्रकारही तिथे झाले. अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी मिनी अॅब्रम्स केडगावला काम करीत होत्या. त्यांनी १९०६ साली या जागृतीवर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या व्हालपराइसोला एका ओळखीच्या मिशनरी बाईकडे गेली आणि तिथल्या १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने हातभार लावला. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचा आवाज अशा रीतीने दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचला.

मात्र या मुलींच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. घर गेले, गाव गेले, कित्येकींचे आईबाप डोळ्यांदेखत गेले. गुजराती बोलणारी मुलगी मराठी मुलखात आली. शाळा मराठीत, वरिष्ठ बाया इंग्रजी बोलणाऱ्या, प्रार्थनेचे शब्दही ठरलेले. भुकेबद्दल, मेलेल्या आईबद्दल बोलायला यांपैकी कोणती भाषा तिच्या कामाची होती? ज्याला मंजूर झालेल्या भाषेत जागा नाही, ते भाषेच्या बाहेरून फुटते, असे मी समजतो. त्याच सुमारास, १९०६ साली, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर हेच घडले आणि तिथला पुढारी विल्यम सिमर हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा होता. दोन ठिकाणी दोन खंडांत तळातलीच माणसे बोलू लागली, हे सांगितल्याशिवाय या प्रकाराचा अर्थ पुरा होत नाही.

इथे कार्यकर्ते म्हणतील, जत्रेत अंगात येणाऱ्या बाईचेही हेच असते. खरे आहे. सासरी तोंड वर न करणारी सून वारे आल्यावर सासऱ्याला अरेतुरे करते आणि तो तिच्या पाया पडतो. पण तो देवीच्या पाया पडतो, सुनेच्या नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चुलीपुढे असते आणि तिला कोणी विचारीत नाही. माझी कसोटी ही दुसऱ्या दिवसाची आहे. केडगावात दुसऱ्या दिवशी काय झाले? प्रार्थनेतल्या मुली टोळ्या करून गावोगाव बोलायला निघाल्या. त्या वाचायला शिकल्या, विणायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. गप्प राहावे ही पौलाची आज्ञा तिथे पाळली गेली नाही. मुक्तीची शिस्त कडक होती आणि धर्मांतराचा आग्रह उघड होता. ते मी झाकत नाही. तरीही देवी आलेली सून आणि केडगावची मुलगी यांना एकाच शब्दात गुंडाळणे ही चिकित्सा नव्हे.

रमाबाईंनी १९०७ साली या प्रकाराची लेखी पाठराखण केली. इंग्रजी न येणारी एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे त्यांनी लिहिले. हा दावा मी पुरावा म्हणून घेत नाही. इंग्रजी उपासना रोज कानांवर पडणाऱ्या मुलीच्या तोंडी ते शब्द येण्यात अशक्य काही नाही. पण रमाबाईंनी अन्य भाषेची सक्ती केली नाही. अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉडने १९१६ साली अन्य भाषा हा आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पहिला बाह्य पुरावा ठरवला. केडगावात ते अनेक दानांतले एक राहिले. दान पुरावा झाले की ज्याला ते नाही तो कमी प्रतीचा ठरतो आणि मंडळीत नवी उतरंड उभी राहते. उतरंड कशी उभी राहते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

याच वर्षांत रमाबाई दुसरे एक काम करीत होत्या. संस्कृत शिकवले म्हणून त्यांच्या आईवडिलांना समाजाचा छळ सोसावा लागला होता. स्वतः रमाबाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. त्या बाईने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी काम पुरे केले आणि १९२४ साली ते केडगावच्या छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातून छापून निघाले. एकाच आवारात न कळणारा उद्गार आणि कळणारी मराठी दोन्ही चालू होती. माझ्या मते अन्य भाषेचा हेतू या दुसऱ्या कामाशिवाय अपुरा राहतो. उद्गाराने तोंड उघडते. तोंड उघडल्यावर सांगायचे ते कळेल अशा भाषेतच सांगावे लागते.

एक मोठी उणीव मात्र राहते. केडगावबद्दल आपल्याला जे कळते, ते बहुतेक मिशनरींच्या इंग्रजी वृत्तांतांतून. मुलींचा अर्थ इतरांनी सांगितला. विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली अन्य भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे ध्वनी बोलणाराच्या ओळखीच्या भाषांतूनच येतात, तिला भाषेचे व्याकरण नसते आणि तो मनाचा आजारही नव्हे, असे त्याचे निष्कर्ष आहेत. म्हणजे त्या शब्दांत अर्थ शोधून मिळणार नाही. अर्थ बाईला विचारावा लागेल आणि तो कोणी विचारला नाही.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती मंडळींचा नाही. त्याच १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातले शब्द कळत नाहीत, अशी कबुली प्रस्थापित वाचकांना द्यावी लागली. तिथे कवी स्वतःच्या भाषेचा मालक होता, अर्थ शिकून घेण्याची जबाबदारी वाचकावर आली. आमच्या घरी संध्याकाळी पालीत वंदना होते. किती मुलांना तिचा अर्थ माहीत आहे? बाबासाहेबांनी धर्म दिला तो समजून घेण्यासाठी. अर्थ न सांगता पाली म्हणवून घेणारा बौद्ध पालक आणि अर्थ न सांगता अन्य भाषेची वाहवा करणारा पाळक यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आणि दलित ख्रिस्ती? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणून हिंदूच धरले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेर राहिले. गावात त्याची जात सर्वांना कळते, कागदावर ती कोणाला दिसत नाही. मंडळीत जातीचा उच्चार करायचा नाही, चळवळीत धर्माचा करायचा नाही. मग रविवारच्या प्रार्थनेत त्याच्या बायकोच्या तोंडून न कळणारे शब्द निघाले, तर तिला हसण्याआधी आपण कोणती भाषा तिच्यासाठी मोकळी ठेवली, याचा हिशेब द्यावा लागेल.

माझी सूचना साधी आहे. सातारा-सांगली भागात अशा प्रार्थनेत बोललेल्या बाया आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. त्या वेळी काय वाटले, त्याआधी घरात काय चालले होते, नंतर काय बदलले, हे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे आणि तिथे आपला निकाल लिहू नये. ही टिपणे आपल्या नियतकालिकांनी छापावीत. केडगावच्या मुलींना हे विचारायचे राहून गेले. या बायांना अजून विचारता येईल.