दलित ख्रिस्ती घरातील मूल : संस्कार की विस्मरण?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की दोन नावे हमखास घेतली जातात : बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दोन्ही ग्रंथ थोर आहेत. परंतु परभणी जिल्ह्यातील मांगवाड्यातून आलेल्या माझ्यासारख्या ख्रिस्ती वाचकाला ते वाचताना एक प्रश्न छळत राहतो. या पुस्तकांत माझे मूल कुठे आहे?

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात लहानग्या दत्तूला घेऊन त्या नवऱ्याच्या धर्माशी झगडत होत्या. सोवळे कसे एकेक करून गळून पडले, हे त्यांनी स्वतःला हसत सांगितले आहे. हा प्रामाणिकपणा मराठीत दुर्मिळ आहे. पण तिथे धर्मांतर म्हणजे हातातले काही सोडणे आहे. जात सोडणे, मान सोडणे, माहेर दुरावणे. आमच्या आजा-पणजांजवळ सोडण्यासारखे काय होते? दोर, केरसुणी, हलगी आणि पोतराजाचा आसूड. तेव्हा दत्तूला मिळालेला ख्रिस्ती संस्कार आणि मांगाच्या पोराला मिळालेला ख्रिस्ती संस्कार एकाच मापाने मोजता येणार नाही.

या संस्काराचे मोल मी नाकारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवले. तेथे आलेल्यांत महार-मांगांचा भरणा मोठा होता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होता, त्यांच्या पोरांच्या हाती पुस्तक आले. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. ती अक्षर शिकली ती शुभवर्तमानावर बोट ठेवून. तिने आपल्या एकाही पोराला मरीआईला सोडले नाही. घरातला आसूड चुलीत गेला. पोराच्या अंगावर देवाच्या नावाने वळ उठू नयेत, एवढेही ज्या समाजाला शतकानुशतके साधले नव्हते, त्या समाजात ही क्रांतीच म्हटली पाहिजे.

पण ही क्रांती अर्ध्यावर का थांबली? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरील आपल्या लेखनात दिले आहे. मिशनरी माणसाला सांगतात की, तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे. भोवतालच्या समाजव्यवस्थेकडे ते बोट दाखवत नाहीत. त्यामुळे धर्मांतरिताच्या मनात अन्यायाविरुद्ध लढण्याची ऊर्मी उठत नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका मला कोणत्याही विद्वत्सभेपेक्षा शब्बाथशाळेत अधिक खरी वाटते. आम्हाला तिथे काय शिकवले? खोटे बोलू नये, चोरी करू नये, आपल्या पापांची क्षमा मागावी. चांगलेच शिकवले. पण आमची वस्ती गावाबाहेर का, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गावाने केलेल्या पापाची क्षमा कुणी मागायची?

आणि ‘खोटे बोलू नये’ हे तरी आम्हाला कुठे पाळता आले? रविवारी उपासनेत माझे एक नाव होते, सोमवारी शाळेच्या दाखल्यावर दुसरे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना वडील मान खाली घालून म्हणाले, “हिंदू मांग लिही.” मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आज्ञा मोडल्याची भीती मला वाटली. वडिलांना कशाची लाज वाटली हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली; अट तशीच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी प्रतारणा आहे असे म्हटले. कायदा बापाला दोनच वाटा देतो : पोराची शिष्यवृत्ती सोड, नाहीतर पोराला खोटे शिकव. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली नाही. गावाला ती पक्की ठाऊक आहे.

मग मुलाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवावे की नाही? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटीसह. मुलांना कसे वाढवावे हे बायबलच सांगते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की, या आज्ञा कशासाठी असे मुलाने विचारले तर बापाने आधी आपला इतिहास सांगावा : आम्ही मिसर देशात फारोचे गुलाम होतो. म्हणजे ख्रिस्ती संस्काराची पहिली ओळ पापाची नाही, गुलामीची आहे! अरविंद निर्मळ या मराठी धर्मचिंतकाने १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जो विचार मांडला, त्यातून दलित ईश्वरविद्येची वाट निघाली. याच ‘अनुवाद’च्या सव्विसाव्या अध्यायातील भटक्या पूर्वजाच्या कबुलीत त्यांनी आपल्या अस्पृश्य पूर्वजांना पाहिले. पूर्वजांची आठवण हा त्यांच्या लेखी श्रद्धेचाच भाग होता. आम्ही मात्र ती आठवण पेटीच्या तळाशी दडवली आणि तिलाच संस्कार म्हणू लागलो.

हे दडवणे आमच्या साहित्यातही उतरले आहे. ‘आठवणींचे पक्षी’, ‘बलुतं’, ‘उपरा’ या आत्मकथनांतून दलित मूल स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. मांगाचे ख्रिस्ती मूल अजून बोललेले नाही. तरी आरंभ आमच्याच पोरीने केला होता. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात मुक्ता साळवे या जोतीरावांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांचे दुःख सांगता सांगता तिने देवालाच विचारले की, आमचा धर्म कोणता? तिने पापाची कबुली दिली नाही, जाब विचारला. त्या प्रश्नाला मिशनने जागा दिली, पण पुढे आपल्या शब्बाथशाळेत तो शिकवला नाही.

आज माझ्या घरात नातू बायबल वाचतो. नाताळला त्याला चांदणी लावायला आवडते. मी त्याला ख्रिस्ताची गोष्ट सांगतो, आणि त्याच बैठकीत मुक्ताची आणि पणजोबाच्या आसुडाचीही सांगतो. परवा त्याने विचारले, “आपले फारो कोण होते?” शब्बाथशाळेने जे कधी शिकवले नाही, ते तो विचारू लागला आहे. अशी प्रश्न विचारणारी मुले ज्या श्रद्धेतून घडतील तीच दलिताच्या उपयोगाची. बाकी सारे सोवळेच, फक्त बाटलेले.