'गीतारहस्या'तील हेतुविचार : दोन दृष्टान्त

कर्माची योग्यता बाह्य परिणामावरून ठरवावी की कर्त्याच्या बुद्धीवरून, हा 'गीतारहस्या'तील (१९१५) एक मध्यवर्ती प्रश्न होय. आधिभौतिक सुखवादाचे खंडन करताना टिळकांनी योजिलेल्या दोन दृष्टान्तांचे कार्य मात्र एकच नाही.

पहिला अमेरिकेतील ट्रामचा. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन परवानगी लवकर मिळविली. लोकांची सोय झाली, तरी तो दोषी ठरला. येथे दोष कृत्यातच आहे. हेतू लोकसेवेचा असता तरी तो उरलाच असता. हा दृष्टान्त केवळ परिणाम पाहणाऱ्यांस निरुत्तर करतो. हेतूचे श्रेष्ठत्व त्याने सिद्ध होत नाही.

दुसरा महाभारतातील मुंगसाच्या आख्यानाचा. युधिष्ठिराचा अश्वमेध आणि उपाशी ब्राह्मणाने अतिथीस दिलेले शेरभर सातू, ही दोन्ही सत्कृत्येच. भेद देणाऱ्याच्या त्यागबुद्धीचा. टिळकांचा सिद्धान्त खरोखर येथे उभा राहतो.

तथापि याने मिलचे खंडन होत नाही. हेतूने कृत्याची नीतिमत्ता बदलत नाही, कर्त्याची योग्यता मात्र कळते, असे मिलनेही 'युटिलिटेरियानिझम'मध्ये (१८६३) मान्य केले आहे. त्याने गौण मानलेल्या प्रश्नास टिळक अग्रस्थान देतात, आणि ते सकारण आहे : कीर्तीसाठी चाललेले दान कीर्ती मिळेनाशी होताच थांबते. परंतु त्या दानानेही भुकेल्याचे पोट भरलेले असते. घेणाऱ्याची ही बाजू दुय्यम राहावी, हीच या विवेचनाची उणीव होय.