‘कल्पना’ शब्दाचे व्यापार

मनात विचार घडविण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘आयडिएशन’ म्हणतात. तिच्यासाठी मराठी अनुवादक ‘कल्पना’, ‘संकल्पना’, ‘कल्पनानिर्मिती’ यांपैकी हाती लागेल तो शब्द योजतात. हे शब्द परस्परांच्या जागी चालतील, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

‘कल्पना’ शब्दाचा धातू ‘कॢप्’. धातुपाठात तो ‘कृप्’ असा असून त्यातील रकाराचा लकार पाणिनीने ८.२.१८ या सूत्रात सांगितला आहे. समर्थ होणे, जुळणे हा मूळ अर्थ. प्रयोजकात जुळविणे, सिद्ध करणे. आयुर्वेदात हा अर्थ अद्याप जिवंत आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कषायकल्पना होत. ही कल्पना खलात कुटली जाते, चुलीवर उकळली जाते. तीत मनोराज्याचा लेशही नाही. मीमांसकांच्या अर्थापत्तीतही तसेच. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी पुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. ही कल्पनाच, परंतु ती केल्यावाचून गत्यंतर नाही. उलट दिङ्नागाने प्रत्यक्षाच्या लक्षणातून कल्पना वगळली. वस्तूला नाम, जाती इत्यादींची जोड देणे ही त्याच्या मते कल्पना. शब्दाविषयीच्या संशयाचे बीज येथे दिसते.

मराठीत या दोन्ही छटा आहेत, आणि कोणती घ्यावयाची हे क्रियापद ठरविते. ‘त्याला कल्पना होती’, ‘त्याला कल्पना दिली’ येथे कल्पना म्हणजे माहिती. ‘कल्पना करा’ म्हणजे गृहीत धरा. ‘त्याला कल्पना सुचली’ येथे नवा विचार अभिप्रेत आहे. पण वाक्याचा कर्ता ‘कल्पना’ हाच शब्द असून मनुष्य चतुर्थीत बसला आहे. विचार त्याने घडविला नाही, तो त्याच्याकडे आला. कर्तृत्व मनुष्याकडे द्यावयाचे तर ‘कल्पना लढविली’ म्हणावे लागते, आणि त्यात थोडी चलाखी डोकावते. ‘कल्पिणे’ हे जुने क्रियापद ही उणीव भरून काढी. ते व्यवहारात फारसे उरले नाही.

‘संकल्पना’ शब्दाने काम भागत नाही. पूजेच्या आरंभी पळीने उदक सोडून केलेला संकल्प म्हणजे निश्चय. त्या कुळातला हा शब्द आता तयार झालेल्या सामान्य विचाराला रूढ झाला आहे. नाटकाच्या जाहिरातीत तर तो मूळ विचार ज्याचा त्याच्या नावाआधी छापतात. क्रियेला निराळे नाव हवे असेल तर ‘चिंतन’, ‘मनन’ यांच्या पंक्तीला बसणारे ‘कल्पन’ बरे.

मात्र शास्त्रीय निबंधात जे चालेल ते रुग्णापुढे चालणार नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या प्रश्नावलीत हाच इंग्रजी शब्द आत्महत्येच्या संदर्भात येतो. त्याचे ‘आत्महत्येची कल्पना आहे काय?’ असे भाषांतर केल्यास मराठी कान ते ‘माहिती आहे काय?’ असे ऐकेल, आणि पीडित मनुष्य प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. तेथे ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असेच विचारले पाहिजे. या वाक्यातही विचार आपण होऊन येतो; त्याचे कर्तेपण उत्तर देणाऱ्याच्या माथी बसत नाही, म्हणून ‘होय’ म्हणणे त्याला थोडे सोपे जाते.