टर्नर यांचे ‘टॉरबे’ : चित्रातील आगमन आणि इतिहासाची साक्ष

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) यांचे एक सागरचित्र इतिहासाच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आहे. ऑरेंजचा राजपुत्र तिसरा विल्यम हॉलंडहून निघाला आणि वादळी प्रवासानंतर ४ नोव्हेंबर १६८८ रोजी टॉरबे येथे उतरला, एवढा वृत्तान्त त्याच्या शीर्षकातच येतो. १८३२ साली ते लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत मांडले गेले. आज ते टेट संग्रहात आहे.

घटना थोडक्यात अशी. विल्यम हा इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचा जावई. ऑक्टोबरमधील पहिला प्रयत्न वादळाने उधळला. पुढे पूर्वेचा वारा मिळाला. त्याच वाऱ्याने जेम्सचे आरमार टेम्सच्या मुखाजवळ अडकून पडले. चारशेहून अधिक जहाजे आणि हजारो सैनिक घेऊन विल्यम ब्रिक्सहॅमला उतरला. इतिहासग्रंथांत ही तारीख जुन्या पंचांगानुसार ५ नोव्हेंबर अशी आहे. जेम्स फ्रान्सला पळाला आणि १६८९ मध्ये विल्यम व मेरी गादीवर आले. इंग्लंडने या घटनेस ‘वैभवशाली क्रांती’ म्हटले.

आता चित्राकडे वळू. पुढे उसळता समुद्र, त्यावर हेलकावणाऱ्या लहान होडीत उभा राजपुत्र, मागे जहाजे आणि ढगांतून झिरपणारा प्रकाश. किनाऱ्यावर उतरणारे सैन्य, घोडे, दारूगोळा यांपैकी काहीही टर्नर आपल्यापुढे ठेवत नाहीत. उर्दू मर्सियाच्या वाचकाला येथे ‘रुख़सत’ आणि ‘आमद’ ही अंगे आठवावीत. मीर अनीस यांच्या मर्सियात आमदनंतर रजज़ आणि जंग येते. टर्नर मात्र आमदवरच थांबतात. स्वारीचे आगमन झाले ते या थांबण्यामुळे. कलेच्या दृष्टीने ही निवड समर्थ आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती निरागस नाही.

येथे १८३२ हे साल विसरून चालणार नाही. मताधिकार वाढविणाऱ्या सुधारणा विधेयकावरून त्या मे महिन्यात इंग्लंड ढवळून निघाले होते आणि जूनमध्ये त्याचा कायदा झाला. गादीवर चौथा विल्यम होता. रक्तपाताविना राज्यव्यवस्था बदलता येते, या आश्वासनाची तेव्हाच्या प्रेक्षकाला गरज होती. म्हणून हे चित्र १६८८ ची साक्ष देत नाही. १८३२ च्या इंग्लंडला १६८८ कसे आठवायचे होते, याची साक्ष देते.

तरीही टर्नर यांना दरबारी चित्रकार म्हणणे अन्यायाचे होईल. प्रदर्शनाच्या सूचीत त्यांनी एक टीप जोडली होती. राजपुत्राला आणणारी नौका पुढे अनेक स्थित्यंतरे पाहून हल बंदराच्या व्यापारात लागली आणि हॅम्बुर्गच्या वाळूत फुटली, असे तीत म्हटले आहे. विजयाच्या चित्राखाली नौकेचा असा शेवट लिहिणाऱ्या कलावंताला वैभवाची मुदत ठाऊक होती. त्यांच्या समुद्राला राजा आणि व्यापारी यांत फरक नाही.

परंतु या आगमनाला दुसराही किनारा आहे, आणि तो चित्रात नाही. १६९० मध्ये हाच विल्यम आयर्लंडमध्ये उतरला आणि बॉइनच्या लढाईत त्याने जेम्सचा पराभव केला. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने प्रॉटेस्टंट असहमतांना सवलत दिली. कॅथलिकांना तिच्यातून वगळले. पुढे आयर्लंडमधील कॅथलिकांवर जमीन, शिक्षण आणि अधिकारपदे यांबाबत कडक निर्बंध आले. कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले ते १८२९ मध्ये, म्हणजे या चित्राच्या अवघ्या तीन वर्षे आधी.

आगमनाचे कोणतेही चित्र पाहताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ते कोणत्या वर्षी काढले, आणि किनाऱ्यावर कोण उभे होते? टर्नर यांच्या प्रकाशाने डोळे दिपतात. त्या दिपण्यातही हे प्रश्न सुटू न देणे, हेच अभ्यासकाचे काम होय.